वाळूची गुडघाभर उडी

जया काकूंनी पोळी काउंटरवर आपटली आणि म्हणाल्या, "खा."

गिरणी चालू होती, त्यामुळे अब्बांना ऐकूच आलं नाही. वीस वर्षं त्या पट्ट्याच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान निम्मे गेलेत. त्यांना वाटलं, काकू प्रेमानं खायला देतायत. ते हसले. शेवटी मीच धावत जाऊन मोटर बंद केली.

"खा म्हणते मी, मौला. चावून खा. गिळू नको."

अब्बांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावला. कच्! मोटर बंद होती, पाच बायका रांगेत उभ्या होत्या, आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला. अब्बांनी चावणं थांबवलं, पण थुंकले नाहीत. घास तसाच गालात धरून उभे राहिले.

"ऐकलं का?" काकू रांगेकडे वळल्या. "चाळीस कामगार जेवत्यात माझ्याकडं. काल एकानं ताट ढकललं. म्हणला, मावशी, पोळी खातोय का रस्ता खातोय?"

जया काकूंची खाणावळ आहे. उरवड्याच्या कंपन्यांमध्ये जाणारी पोरं त्यांच्याकडून डबा नेतात. आठवड्याला मण दीड मण गहू त्या आमच्याकडे दळतात. आमची गिरणी म्हणजे निम्म्या जया काकूच, असं अम्मी म्हणते.

"टाकी दिली असंल दगडाला," रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आन् कोंडा न काढता तसंच दळलं असंल."

हा आरोप साधा नाही. गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं टोचून खडबडीत करतात, त्याला टाकी देणं म्हणतात. टाकीनंतरचं पहिलं दळण कोंड्याचं काढायचं आणि फेकून द्यायचं, कारण त्यात दगडाचा चुरा येतो. जो गिरणीवाला तो कोंडा वाचवतो, तो लोकांच्या दातांवर जगतो.

"टाकी दिवाळीला दिली," अब्बा म्हणाले. "कोंडा पण काढला. अल्ला शप्पत."

"शपथा नको. येत्या शुक्रवारी नीट पीठ दे. न्हाईतर माझे डबे पिरंगुटच्या गिरणीत. आन् मी गेले की ह्या बी येतील माझ्या मागं." काकूंनी रांगेकडे हात केला. त्या पाचजणींपैकी एकीनंही नाही म्हटलं नाही.

मी मोटरच्या बटणापाशी उभी राहून सगळं ऐकत होते. मी मन्तशा, नववी ब. मागच्या महिन्यापर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते हे आता कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही. झालं असं की भूगोलाच्या जनार्दन सरांनी रागानं मला उभं केलं. "खिडकीतून काय बघतेस? ये, तूच शिकव वाऱ्याचे कार्य." आणि मी शिकवलं! खडू हातात आला आणि बारखाण काढली. बारखाण म्हणजे चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी. वारा येतो त्या बाजूला हळूहळू चढ, पलीकडे एकदम घसरण, आणि दोन शिंगं वारा जातो तिकडे रोखलेली. घंटा झाली तरी मी थांबेना. सर शेवटी म्हणाले, "बस झालं बाई, मला पगार मिळतो ह्याचा."

तेव्हापासून मला वाळूच्या टेकड्यांचं वेडच लागलंय. अब्बांच्या मोबाइलवर जे सापडेल ते वाचते. तुम्हाला माहितीये का, टेकडी चालते? आख्खी. एकेक कण सौम्य बाजूनं वर चढतो, माथ्यावर पोचतो आणि पलीकडच्या उतारावरून घसरतो. मग त्याच्यावर मागून आलेले कण पडतात, आणि तो गाडला जातो. टेकडी वर्षानुवर्षं पुढे सरकते, तेव्हा कधीतरी मागच्या बाजूनं तो परत उघडा पडतो आणि पुन्हा चढायला लागतो. घसरणीचा कोन मात्र ठरलेला, तेहतीस-चौतीस अंश. त्याहून तीव्र झाला की वाळू आपणहून घसरते. काही टेकड्या तर घसरताना घुमतात, विमान गेल्यासारखा आवाज येतो. आणि नामिबच्या वाळवंटात एक किडा आहे, तो पहाटे टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली करून उभा राहतो, धुकं त्याच्या पाठीवर जमतं आणि थेंब थेंब तोंडात येतो. मी हे अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "तू पण तशी उभी राहा, नळाला पाणी नाही."

असो. पोळीवर येते.

त्याच दिवशी दुपारी मी गिरणीच्या शेजारच्या प्लॉटमध्ये गेले. प्लॉट हैबतरावांचा. आमच्या गिरणीचा गाळाही त्यांचाच, हे लक्षात ठेवा. आधी तिथे गवत होतं, गुरं चरायची. शिमग्यानंतर त्यांनी नव्या खोल्या बांधायला काढल्या, अर्धा प्लॉट सिमेंटचा केला आणि त्यावर क्रशसँडचा ढीग टाकला, दोन ट्रक. आमच्याकडे आता सगळे तिलाच वाळू म्हणतात. नदीची वाळू मी फोटोतच पाहिलीय. ही खाणीतला काळा दगड यंत्रात फोडून केलेली. धूळ, कण, कपची सगळं एकत्र.

आणि तिथे मी जे पाहिलं त्यानं मला ओरडावंसं वाटलं. ढिगाच्या पायथ्याशी, सिमेंटवर, रेघा! चार बोटांच्या अंतरावर, एकीमागे एक, डोंगराच्या बाजूनं सौम्य आणि आमच्या गिरणीच्या बाजूनं उभट. वाळवंटात असतात तशा. हुबेहूब. ढिगाचीही डोंगराकडची बाजू चेपलेली होती आणि आमच्याकडची उभी. मी कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा आणि नट बांधून उतार मोजला तर सदतीस अंश आला. वाळवंटापेक्षा जास्त, कारण तिथले कण हजारो वर्षं एकमेकांवर आपटून गोल झालेले असतात, हे कोनेकोपऱ्यांचे, एकमेकांत अडकून बसतात. मी रेघांवर खराट्याच्या काड्या रोवल्या. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी तीननंतर डोंगरावरून वारा सुटतो, पत्रे वाजतात असा. सहा वाजता पाहिलं तर रेघा काड्यांच्या दोन बोटं पुढे आलेल्या. गिरणीकडे.

ढीग आला शिमग्यानंतर. कचकच सुरू झाली शिमग्यानंतर. संपलं की!

अब्बांना सांगितलं तर त्यांनी एकच वाक्य म्हटलं. "हैबतरावांकडं जायचं न्हाई. गाळा त्यांचा हाय."

मी गेले. अर्थातच गेले.

हैबतराव गवंड्यांशी बोलत उभे होते. पांढरे कपडे, पायात महागाचे बूट, त्यावर धूळ. मी सगळं सांगितलं, रेघा, काड्या, सदतीस अंश. गवंडी काम सोडून ऐकायला लागले.

"थांब थांब," हैबतराव म्हणाले. "वाळू चालती?"

"हो, आण्णा."

"माझी वाळू चालत चालत तुझ्या बापाच्या पिठात जाती."

"हो."

"मग तिला सांग की, सिमेंटच्या गोण्या बी घेऊन जा म्हणावं. मजुरी वाचंल." गवंडी हसले. "हे काय राजस्थान हाय का गं? उंट कुटं हाय तुझा?"

"आण्णा, हसू नका. लोक अब्बांना चोर म्हणतायत."

"मग मी काय करू? बरं, शाळा शिकतीस ना? एक सांग मला." त्यांचा आवाज बदलला. मस्करी गेली आणि खालचं उघडं पडलं. "वाळू उडती म्हणतीस. मी हितं रोज दुपारी चहा पितो, ढिगाच्या शेजारी. चहात कचकच का न्हाई? माझ्या तोंडात का न्हाई? आन् त्या शंभू दूधवाल्याच्या पिठात का न्हाई? तो बी तुमच्याकडंच दळतो. त्याची भाकरी कशी चांगली लागती? तुझ्या बापाला विचार, कुणाला कंचं पीठ देतो ते. तुमचं लोकांचं काय चालतं गिरणीत, ते आमाला काय दिसतंय?"

मी तोंड उघडलं.   म्हणजे मी, वर्गाला चाळीस मिनिटं शिकवणारी, तिथे माशासारखी तोंड उघडून उभी.

"जा," ते म्हणाले. "आन् परत प्लॉटमधी काड्या रोवताना दिसलीस तर बापाला सांगीन गाळा मोकळा कर म्हणून."

काड्या त्यांनी माझ्यासमोर बुटानं मोडल्या. एकेक. घाई न करता.

रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला छान वाटेल, पण मी रागानं चार भाकऱ्या खाल्ल्या आणि मेल्यासारखी झोपले. सकाळी शाळेच्या एसटीत आठवलं. शंभू! शंभू दूधवाला डबा कधी खाली ठेवतच नाही. गाडीच्या कॅरिअरला बांधलेला, गाडीवर बसून मोबाइल बघतो, नंबर आला की सोडतो. आणि हैबतरावांचा चहा? हातात. तोंड? त्याहून वर.

वाळू उडत नाही! उडते ती धूळ. वाळूचा कण उडी मारतो. वारा त्याला ढकलतो, तो पुढे झेपावतो, आपटतो, आपटताना दुसऱ्या दोन-चारांना उडवतो, ते तिसऱ्यांना. वाळवंटात वादळात माणूस उभा राहिला तर पायांना सुया टोचतात आणि डोकं पुष्कळदा मोकळ्या हवेत असतं. गुडघा, फार तर त्याच्या थोडं वर. वारा म्हणजे चाळणीच. धूळ लांब नेतो, कपची जागेवर ठेवतो आणि मधल्या मापाचे कण उड्या मारत पुढे पाठवतो. क्रशसँडमधली धूळ एव्हाना बावधनच्या बाल्कन्यांत पोचली असेल. मधले कण आमच्या वाट्याला.

त्या दुपारी मी एक बांबू घेतला, त्यावर चार ठिकाणी चिकटपट्टी उलटी गुंडाळली, चिकट बाजू बाहेर. घोटा, गुडघा, कंबर, डोकं. गिरणीच्या दारात बांधला. अब्बा म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "शाळेचं." ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

संध्याकाळी घोट्याची पट्टी काळी होती, तिळाच्या लाडवासारखी. गुडघ्याची, अकरा कण. कमरेची करडी, बोट फिरवलं तर नुसती भुकटी, खरखर नाही. डोक्याचीही तशीच.

मग मी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काय असतं ते बघायला लागले आणि माझं हसू गेलं.

डबे. आमच्या दारात जमिनीवर डब्यांची रांग असते. लोक सकाळी डबा नंबराला लावून जातात आणि संध्याकाळी नेतात. आणि प्रत्येक डब्याचं झाकण उघडं. तो आमच्या गिरणीचा नियम आहे, माझ्या जन्माआधीपासून. गिरणी चालू असली की काही ऐकू येत नाही, आणि आता तर अब्बांना एरवीही कमीच, म्हणून. "ज्वारी हाय", "गहू हायेत, बारीक दळा" असं ओरडून उपयोग नसतो. त्यामुळे झाकण उघडं म्हणजे दळायचं बाकी, आत काय आहे ते डोळ्यांना दिसतं. झाकण बंद म्हणजे दळून झालं. वीस वर्षांत एक डबा इकडचा तिकडे झाला नाही, अब्बांना त्याचा केवढा अभिमान! त्यात आमच्याकडे गुरुवारी दिवसभर लाईट नसते. त्या दिवशी डबे दुपारभर, वारा सुटल्यावरही, तोंड वासून बसलेले. काकूंचे डबे गुरुवारचे.

हे अब्बांना सांगायला हवं होतं. मला तेव्हाही कळत होतं. पण मला हैबतरावांना सगळ्यांसमोर गप्प करायचं होतं, आणि अब्बांना सांगितलं असतं तर त्यांनी मला गप्प केलं असतं. म्हणून मी सरळ जया काकूंकडे गेले.

"गुरुवारी पाच वाजता परात घेऊन या. आणि पाणी. गहू मी आजच नेते, तुम्ही निवडलेले."

"कशाला?"

"रोळायला. पाण्यात घोळून वाळू खाली बसवायची."

"मला रोळायला शिकवतीस व्हय?"

"नाही, काकू. तुमच्याच हातानं रोळा. म्हणजे मी वाळू घातली असं कुणी म्हणायला नको."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वाया गेली माझी चक्कर, तर तुझी वेणी धरून पिरंगुटपर्यंत नेईन." पण गहू दिले.

गुरुवारी अब्बा नवा पट्टा आणायला पुण्याला गेले होते. मी शाळा बुडवली. काकूंचे गहू तीन डब्यांत सारखे भरले. एक जमिनीवर, झाकण उघडं. एक जमिनीवर, झाकण बंद. एक कमरेएवढ्या स्टुलावर, झाकण उघडं. तीन वाजता वारा सुटला आणि मी दारात बसून राहिले. शपथ सांगते, ते कण मला दिसले. कलत्या उन्हात, सिमेंटवरून, टिपटिपटिप उड्या मारत. इतकं सुंदर दिसत होतं की मी क्षणभर विसरले मी कुणावर चिडलेय.

पाचला काकू आल्या. परात, कळशी, आणि बघायला सात-आठ बायका. शंभूही गाडीवर बसून होता. गर्दी बघून हैबतराव आले.

"काय, राजस्थान? आज काय खेळ?"

काकूंनी पहिला डबा परातीत ओतला, पाणी घातलं, आणि परात अशी काही हलवली की गहू वरच्या वर लाटेसारखे पुढे सरकले. थोडे थोडे काढत गेल्या. शेवटी तळाशी पाणी उरलं आणि त्यात काळी रेघ. त्यांनी ती बोटानं गोळा केली, दाताखाली धरली. कच्.

"हीच," त्या म्हणाल्या.

दुसरा डबा, झाकण बंद. काही नाही. तिसरा, स्टुलावरचा. पाणी जरासं मातकट, पण बोटाला काही लागेना. त्यांनी पाणी दोनदा फिरवलं. नाही म्हणजे नाही.

मी बोलायला लागले. उडी, गुडघा, चिकटपट्टी, शंभूची गाडी, आण्णांचा चहा. हात नाचवत. मला वाटतं मी थोडी उड्याही मारल्या. "म्हणजे गिरणीत काही नाही! टाकीचा काही संबंध नाही! दळायच्या आधीच ती गव्हात येते. आण्णांच्या ढिगावरून!"

बायका हैबतरावांकडे वळल्या. जिंकले, मला वाटलं. मोजून दोन श्वास.

"बरं," हैबतराव म्हणाले. "वाळू माझी. मान्य. झाकणं कुणी उघडी ठेवली?"

बायका दारातल्या डब्यांकडे बघायला लागल्या.

"आमच्या घरी डबा झाकून पाठवत्यात. हितं आल्यावर कोण उघडतं? कुणाचा नियम हाय? बोल की आता. मगाशी लई हात नाचवत होतीस."

तेव्हा मला दिसलं, अब्बा मागे उभे होते. खांद्यावर नवा पट्टा. कधी आले कुणास ठाऊक. त्यांना शब्द किती ऐकू आले माहीत नाही, पण त्यांनी तीन डबे बघितले, परात बघितली, काकूंच्या बोटावरची काळी रेघ बघितली. आणि माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"नियम माझा," ते म्हणाले.

"ऐका," हैबतराव हसले. "मालकच सांगतोय. मग माझ्या नावानं का बोंब? उद्याच्याला भिंतीवरनं पाल पडली तरी माझीच म्हणशीला."

"बहिरं माणूस," एक बाई दुसरीला म्हणाली, अब्बांना ऐकू जाणार नाही अशा भरवशावर, मोठ्यानं. "गिरणी चालवायचीच कशाला?"

मला त्या परातीत तोंड खुपसावंसं वाटलं.

जया काकूंनी हात परातीत धुतले, पदराला पुसले. "झालं का सगळ्यांचं? नियम ह्याचा, वाळू त्याची, आन् दात माझे. मी काय करू, दोघांच्या मधी कवळी बसवून घेऊ?" मग हैबतरावांकडे वळल्या. "आण्णा, ढिगावर ताडपत्री टाका. आज."

"ताडपत्री काय झाडाला लागती? खोल्या झाल्या की ढीग आपसूक संपंल."

"तुमच्या जुन्या खोल्यांत बावीस पोरं ऱ्हात्यात. बावीसच्या बावीस माझा डबा खात्यात. उद्यापासून त्यांना सांगते, पोळी तुमच्या मालकाच्या ढिगावरनं थेट उचला, मला मधी कशाला घेता."

हैबतरावांचं हसू जिरलं. "जयाबाई, जपून बोला."

"जपूनच बोलते. जपून चावायची सवय लागलीय." मग त्या अब्बांकडे वळल्या, पण आवाज न चढवता, हळू, ओठ स्पष्ट हलवत. "मौला, झाकण बंद. उद्यापासून. आन् घरचे कोरडे गहू आणते, ते लाईट आल्यावर दळ. माझ्यासमोर. एकदाच बघणार हाय मी."

सहाला लाईट आली. काकू स्टुलावर बसून राहिल्या, पीठ चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं, दातांवर दात घासले. बराच वेळ. मग डबा उचलला आणि गेल्या. बरं म्हणाल्या नाहीत. पण पुढच्या आठवड्यात गुरुवार टाळून बुधवारीच त्यांचे डबे आले, घट्ट बंद, वर सुतळी बांधलेली, जणू आम्ही चोरच.

अब्बा माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मला खडू दिला आणि म्हणाले, "लिही." मी पाटीवर लिहिलं: झाकण बंद ठेवा. झाकणावर धान्याचं नाव लिहा. फुली मारली म्हणजे दळून झालं. ते पाटीकडे बघत राहिले. वीस वर्षांचा नियम, तीन ओळींत गेला.

"आधी मला सांगायचं व्हतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. मोठ्यानं. त्यांना ऐकू जावं म्हणून.

दोन बायका परत आल्याच नाहीत. पिरंगुटला जातात. एक आमच्या दारावरूनच जाते, डबा डोक्यावर. आमच्याकडे बघत नाही. जाऊ दे. गाळ्याचं हैबतराव पुन्हा काही बोललेले नाहीत, पण ते विसरणाऱ्यातले नाहीत, हे अब्बांना माहितीये आणि मलाही.

ताडपत्री आली. निळी, दोन जागी फाटलेली, मुद्दाम जुनी शोधून आणल्यासारखी. काल मी शाळेतून येत होते तर हैबतराव ढिगापाशी उभे.

"काय, राजस्थान!" गावभर आता हेच नाव झालंय माझं. शंभूसुद्धा म्हणतो. "झालं का समाधान?"

"आण्णा, डोंगराकडचा कोपरा उघडाय. वारा तिथूनच शिरतो आणि खालून काढतो. टेकडी मागूनच झिजते."

ते बाजूला पचकन थुंकले. माझ्याकडे न बघता त्यांनी बुटानं एक दगड ढकलत नेला आणि कोपऱ्यावर ठेवला. मी थांबून बघितलं, नीट बसलाय ना.

"अजून एक लागेल," मी म्हटलं.